टेनिस एल्बोसाठी पीआरपी इंजेक्शन घेतलं, आठ महिन्यांनंतर लिहितेय

आधी सांगते, मी डॉक्टर नाही. तासगावात माझं ब्लाउज शिवायचं काम आहे, २२ वर्षं झाली. पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातून बनवलेलं इंजेक्शन, ते काय ते पुढे नीट सांगते. मी ते जिथं घेतलं ते सेंटर मिरजेतलं आहे पण नाव लिहीत नाही कारण मला जाहिरात करायची नाही आणि कुणाची बदनामीही करायची नाही, मला ट्रीटमेंटबद्दल लिहायचंय. मी स्वतः इंजेक्शन घ्यायच्या आधी किती शोधलं तर सगळीकडे एक तर "चमत्कार झाला" नाहीतर "सगळी लूट आहे", मधलं काही कुणी लिहिलेलंच नव्हतं.

दुखणं सुरू झालं ते एका दिवाळीच्या तोंडावर. उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला जे हाड हाताला लागतं ना, बरोबर तिथं. आधी फक्त इस्त्री उचलताना चमक यायची, मग कात्री चालवताना, मग चहाचा कप उचलताना पण. दुधाचं पातेलं एका हाताने उतरवता येईना. कुणी हात हातात घेऊन नमस्कार केला तर डोळ्यांत पाणी यायचं. मला वाटलं थंडीने आखडलंय, तेल लावलं, शेकलं, पट्टा बांधला आणि काम चालूच ठेवलं, कारण दिवाळीनंतर लगेच लग्नसराई आणि त्या चार महिन्यांवर आमचं वर्ष चालतं.

जानेवारीत गावाजवळच्याच एका दवाखान्यात दाखवलं. त्यांनी हात दाबून बघितला, टेनिस एल्बो म्हणाले आणि लगेच इंजेक्शन दिलं. काय इंजेक्शन आहे ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही, ही चूक दोघांची. तिसऱ्या दिवशी हात इतका मोकळा झाला की मी देवाला नारळ फोडला. दीड महिना काही नाही. मग परत सुरू, आणि आधीपेक्षा जास्त. एप्रिलमध्ये दुसरं घेतलं, त्याने जेमतेम तीन आठवडे निघाले. टोचलं तिथली कातडी आता रुपयाएवढी पांढरट झालीय आणि तिथं बोट ठेवलं तर खड्डा लागतो. ते स्टेरॉइड, म्हणजे सूज आणि दुखणं दाबणारं औषध होतं हे मला मिरजेला गेल्यावर कळलं, डॉक्टरांनी पांढरा डाग बघूनच विचारलं, "ताई, किती घेतली?"

मिरजेला का, तर आमच्याकडे मोठं दुखणं म्हटलं की माणूस एसटीत बसून मिरजेलाच जातो, तिथल्या जुन्या वानलेस मिशन हॉस्पिटलच्या काळापासून तीच रीत आहे. शेजारच्या वहिनींनी या सेंटरचं सांगितलं, ऑपरेशन न करता इंजेक्शनने सांधे आणि टेंडनची दुखणी बघतात म्हणून. दिवाळीनंतर गेले तेव्हा दुखण्याला एक वर्ष होऊन गेलं होतं. सोबत आत्या पण होत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७१, दोन्ही गुडघे गेलेत आणि शुगर आहे. त्यांना कुणीतरी सांगितलेलं की गुडघ्यात इंजेक्शन घेतलं की ऑपरेशन टळतं, म्हणून एका फेरीत दोघींचं होईल असं ठरवून गेलो.

तपासायची फी ६०० रुपये आणि थांबायला लागलं सव्वादोन तास. अपॉइंटमेंट साडेदहाची होती. म्हाताऱ्या माणसांसाठी तिथल्या खुर्च्या फार खाली आहेत, आत्यांना दर वेळी उठवायला दोघं लागत होते. गुडघेदुखीच्या दवाखान्यात एवढं तरी कळायला पाहिजे, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि इथंही लिहितेय.

पण आत गेल्यावर डॉक्टरांनी वेळ दिला. मनगट वर उचलायला लावून वरून दाबलं, मधलं बोट ताठ करून दाबलं, मग एका हाताने पालथ्या मुठीत खुर्ची उचलायला सांगितली, मला ती उचललीच नाही. त्यानंतर सोनोग्राफी. स्क्रीनवर डावं कोपर आणि उजवं कोपर शेजारी शेजारी दाखवलं, डाव्याच्या टेंडनमध्ये सगळे धागे एका दिशेने सरळ दिसत होते आणि उजव्यात तेच टेंडन जाड, काळपट आणि धागे विस्कटलेले, एके ठिकाणी बारीकशी फट. टेंडन म्हणजे स्नायू हाडाला जिथं धरलेला असतो ती दोरी. मनगट मागे वळवणारा जो स्नायू आहे त्याची दोरी कोपराच्या त्या हाडाला येऊन चिकटते, आणि आपण पालथ्या हाताने काहीही उचललं की सगळा ताण तिच्यावर. जड इस्त्री दिवसातून दोनशे वेळा उचलली की काय होणार.

ते म्हणाले, "ही नुसती सूज असती तर गोळीने गेली असती, हे टेंडन झिजून बिघडलंय." मला हे पटकन समजलं कारण कापड विरतं ते असंच, वरून बघितलं तर साडी धड असते आणि उजेडात धरली की धागे सुटलेले दिसतात, त्यावर कितीही इस्त्री केली तरी कापड काही परत विणलं जात नाही. स्टेरॉइडने दुखणं दबतं पण विणकाम होत नाही, उलट परत परत दिलं तर टेंडन कमजोर होतं.

माझी लेक सांगलीला बीफार्म करतेय, तिने घरी येऊन शोधून काढलं. २०१३ ला ऑस्ट्रेलियात टेनिस एल्बोच्या १६५ पेशंटवर एक अभ्यास झालाय, काहींना स्टेरॉइड दिलं आणि काहींना नुसतं खोटं, म्हणजे औषध नसलेलं इंजेक्शन. वर्षाने बघितलं तर खोटं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९६ टक्के चांगले बरे झालेले आणि स्टेरॉइडवाल्यांपैकी ८३ टक्के. आणि दुखणं उलटायचं प्रमाण स्टेरॉइडमध्ये ५४ टक्के, दुसऱ्यांत १२. मी हे ऐकलं आणि खरंच बसूनच राहिले. दोन इंजेक्शनं घेऊन मी माझं दुखणं लांबवलं असण्याची शक्यता आहे, आणि त्या दोन महिन्यांत बरं वाटतंय म्हणून डबल काम केलं ते वेगळंच.

आता मिरजेच्या डॉक्टरांची मला आवडलेली पहिली गोष्ट. त्यांनी त्या दिवशी इंजेक्शन दिलंच नाही. मी पैसे घेऊन गेले होते. त्यांनी विचारलं फिजिओ केली का, मी म्हटलं हो १५ दिवस, मशीन लावायचे आणि शेक द्यायचे. ते म्हणाले शेक म्हणजे व्यायाम नव्हे, आधी सहा आठवडे नीट व्यायाम करा, टेनिस एल्बो वर्ष-दीड वर्षात पुष्कळांचा आपोआप पण बरा होतो, मग लागलं तर बघू. तेव्हा मला राग आला होता, एसटीने एवढं यायचं आणि हात हलवत जायचं. आता राग नाही.

दुसरी गोष्ट आत्यांची. त्यांचा उभं राहून एक्सरे काढला, आतल्या बाजूला दोन हाडांमध्ये जागाच राहिली नव्हती, चौथी म्हणजे शेवटची ग्रेड. आत्या म्हणाल्या, "डॉक्टर, मला ते रक्ताचं इंजेक्शन द्या, पैसे आहेत." डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "आजी, मी दिलं तर माझे पैसे होतील, तुमचा गुडघा होणार नाही." सांध्यात वंगणासारखं सोडतात ते जेलचं इंजेक्शन पण या स्टेजला नको म्हणाले, स्टेरॉइडने काही आठवडे आराम पडेल पण शुगर काही दिवस वर जाईल आणि वारंवार देणार नाही. मग काठी कोणत्या हातात धरायची ते शिकवलं, जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, आत्या चार वर्षं उलट्याच हातात धरत होत्या! मांडीचा व्यायाम दाखवला, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचा. वजन एक किलो कमी झालं तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा जवळजवळ चार किलोचा भार कमी होतो हे सांगितलं. आणि ऑपरेशन कधी, तर जेव्हा आजी स्वतः म्हणतील तेव्हा. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे ऑपरेशनमध्ये बसवतात त्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर सरकारने २०१७ ला मर्यादा घातलीय त्यामुळे बिलात इम्प्लांटचा आकडा वेगळा मागून घ्या हे पण त्यांनीच सांगितलं. आमच्याकडून इंजेक्शनचे जे पैसे सहज मिळाले असते ते त्यांनी सोडले, याचं मला खरंच फार वाटलं.

मी सहा आठवडे व्यायाम केला. दहापैकी आठ दुखायचं ते सहावर आलं आणि तिथंच अडलं. मग आम्ही पीआरपी ठरवलं.

पीआरपी म्हणजे काय ते साध्या भाषेत. आपलंच रक्त काढतात, मशीनमध्ये जोरात फिरवतात, त्यातला प्लेटलेट जास्त असलेला भाग वेगळा करतात आणि दुखऱ्या टेंडनमध्ये सोडतात. प्लेटलेट म्हणजे डेंग्यूत ज्या कमी होतात त्याच. कापलं की रक्त गोठवणं हे त्यांचं काम, आणि जखम भरायला लागणारे घटक पण त्यांच्यात असतात. टेंडनला मुळात रक्तपुरवठा कमी, म्हणून तिथलं बिघडलेलं लवकर भरत नाही, तर ते घटक थेट तिथं नेऊन सोडायचे अशी कल्पना. बोर्डावर दुसरं एक प्रोलोथेरपी पण होतं, त्यात ग्लुकोजचं दाट पाणी टोचतात, स्वस्त असतं. स्टेम सेल, म्हणजे शरीरातल्या मूळ पेशी काढून टोचायचं, ते मात्र तिथं नव्हतं. मी विचारलं कारण सोलापूरच्या एका जाहिरातीत बघितलं होतं, तर डॉक्टर म्हणाले आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे रक्ताचे ठराविक आजार सोडले तर स्टेम सेल फक्त अभ्यासाचा भाग म्हणून देता येतं, कुणी गुडघ्याला, कोपराला विकत देत असेल तर लांब राहा.

पहिली तारीख फुकट गेली आणि ही सेंटरची चूक. इंजेक्शनच्या आधी किमान आठवडाभर डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन असल्या सुजेच्या गोळ्या घ्यायच्या नसतात कारण त्या प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतात. हे मला फोनवर कुणी सांगितलंच नाही. मी दोन दिवस आधी गोळी घेतलेली, तिथं गेल्यावर विचारलं आणि परत पाठवलं. एक दिवसाचं काम, यायचं जायचं भाडं, सगळं गेलं. रिसेप्शनला एक छापील कागद दिला असता तर हे झालं नसतं. तुम्ही कुठंही घेणार असाल तर गोळ्यांचं स्वतःहून विचारा, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना सांगा.

संक्रांत झाल्यावर परत गेले. आधी रक्ताची तपासणी, प्लेटलेट आणि शुगर. मग डाव्या हातातून साधारण ३० मिली रक्त काढलं, मशीनमध्ये दोनदा फिरवलं, वीसेक मिनिटं गेली, आणि शेवटी सिरिंजमध्ये पिवळसर, गव्हाच्या काडीच्या रंगाचं जेमतेम तीन मिली. कोपर साफ केलं, कातडी बधिर केली आणि सोनोग्राफीवर बघत बघत सुई आत. बधिर फक्त वरचं होतं. आत टेंडनमध्ये सुई एकदा नाही, जागा बदलून बदलून टोचत होते, त्यानेच तिथं नव्याने भरून यायला सुरुवात होते म्हणे. खोटं कशाला सांगू, फार दुखलं. मी नर्सताईंचा हात इतका घट्ट धरला की त्यांच्या बोटातली अंगठी मला रुतली. पाच-सात मिनिटांचं काम आहे पण मनाची तयारी करून जा.

त्याहून वाईट पुढचे तीन दिवस. हात गरम, जड, रात्री उशीवर ठेवून झोपायचं, केस विंचरता येत नव्हते, लेकीने वेणी घातली. सुजेची गोळी चालत नाही, फक्त पॅरासिटामॉल. हे आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही, नाहीतर इन्फेक्शन झालं असंच वाटलं असतं. ताप आला किंवा लाली पसरत गेली तर लगेच या असं त्यांनी सांगून ठेवलं होतं, तसं काही झालं नाही.

पहिला आठवडा काही उचलायचं नाही. मग मूठ दाबून धरायचे व्यायाम, मग अर्धा लिटरची पाण्याची बाटली पालथ्या हातात धरून मनगट दुसऱ्या हाताने वर न्यायचं आणि हळूहळू, मोजत मोजत खाली सोडायचं. सगळं त्या खाली सोडण्यात आहे. १५ वेळा, तीन फेऱ्या, रोज. पुढे एक लिटरची बाटली. फिजिओ मॅडम दर दोन आठवड्यांनी व्हिडिओ कॉलवर बघायच्या आणि चुकलं तर ओरडायच्या, त्यांचे पैसे वेगळे घेतले नाहीत, ही त्या सेंटरची सगळ्यात चांगली गोष्ट आहे असं माझं मत.

सहा आठवडे झाले तरी काही फरक नाही. मी रडले. ८५०० रुपये इंजेक्शनचे, तपासण्या आणि फेऱ्या धरून बारा हजारांवर गेलं होतं, मेडिक्लेमने दिले नाहीत कारण ॲडमिट नव्हते. आणि खरा खर्च तो नव्हताच, यंदाची लग्नसराई अर्धी सोडली मी. जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, त्यातली दोन अजून आलेली नाहीत. ही गोष्ट कुणीच सांगत नाही, इंजेक्शनची किंमत सांगतात पण हाताला काम न देता दोन-तीन महिने काढायचे कसे हे हातावर पोट असलेल्या बाईला कोण सांगणार. लग्नसराईच्या आधी घेऊ नका, पावसाळ्यात घ्या, जेव्हा काम कमी असतं.

दहाव्या आठवड्यात एक दिवस पातेलं उतरवून ठेवलं आणि मग लक्षात आलं की उजव्या हातानेच उतरवलं. अक्षय तृतीयेपर्यंत दहापैकी तीनवर आलं. आज आठ महिने झाले, बहुतेक दिवस शून्य किंवा एक, खूप कापायचं असलं की संध्याकाळी दोन.

आता हे पीआरपीने झालं का? लेकीने मला यावर सोडलं नाही. ती म्हणाली आई, तू रिव्ह्यू लिहितेस तर अभ्यासात काय आहे ते पण लिही. तर लिहिते. २०१० ला नेदरलँड्समध्ये १०० पेशंटवर पीआरपी आणि स्टेरॉइडची तुलना झाली, त्यात वर्षाने पीआरपीवाले जास्त बरे होते. पण २०२१ ला कॉक्रेन म्हणून जी संस्था आहे तिने टेनिस एल्बोवरचे ३२ अभ्यास एकत्र केले, आणि निष्कर्ष असा की पीआरपीने खोट्या इंजेक्शनपेक्षा म्हणावा असा फरक बहुतेक पडत नाही. गुडघ्याचं पण तसंच, २०२१ ला ऑस्ट्रेलियात २८८ लोकांना अर्ध्यांना पीआरपी आणि अर्ध्यांना मिठाचं पाणी दिलं, वर्षाने दोन्ही गटांचं दुखणं सारखंच कमी झालेलं. टाचेच्या मागच्या टेंडनवर २०१० ला ५४ पेशंटचा अभ्यास झाला, त्यातही फरक नाही. लेक म्हणते, स्टेरॉइडशेजारी उभं केलं की पीआरपी चांगलं दिसतं आणि मिठाच्या पाण्याशेजारी उभं केलं की नाही, यातून तूच काय ते समज.

मी डॉक्टरांना सहा महिन्यांच्या तपासणीला हेच विचारलं. वाटलं चिडतील. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमच्या मुलीचं, म्हणूनच मी आधी सहा आठवडे व्यायामाला पाठवलं." मग म्हणाले प्रत्येक ठिकाणी पीआरपी बनवायची पद्धत वेगळी, प्लेटलेट किती, पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, त्यामुळे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, पण खात्री देता येत नाही हे खरं. परत सोनोग्राफी केली, फट दिसत नव्हती, टेंडन अजून थोडं जाड आहे. दुसरं इंजेक्शन लागेल का विचारलं तर नाही म्हणाले. सांगलीतल्या दुसऱ्या एका ठिकाणी मी आधी फोन केला होता तर तिथं न तपासताच तीन इंजेक्शनांचं पॅकेज सांगितलेलं, अर्धे पैसे ॲडव्हान्स.

माझा स्वतःचा अंदाज सांगते. माझ्या हातात रक्ताचा वाटा किती, सुईने टोचण्याचा किती, व्यायामाचा किती आणि हाताला पहिल्यांदाच मिळालेल्या विश्रांतीचा किती हे मला वेगळं करता येत नाही. चौदा महिने होऊन गेले होते, तसाही बरा झाला असता कदाचित. पण २२ वर्षांत मी हाताला दोन महिने सुट्टी कधीच दिली नसती, ८५०० रुपये भरले म्हणून दिली आणि बाटली रोज उचलली. पाचपैकी विचाराल तर इंजेक्शनला मी तीन देईन, डॉक्टर आणि फिजिओ मॅडमना पाच, रिसेप्शनला दोन.

जाणार असाल तर सोनोग्राफीवर बघून देतात का हे विचारा, टोचणार ते नेमकं काय आहे त्याचं नाव कागदावर लिहून घ्या, आणि नंतर व्यायाम कोण घेणार हे विचारा. व्यायामाचं नावच काढत नसतील तर मी तरी तिथं पैसे देणार नाही.

कामात पण बदल केलाय. जुनी लोखंडी इस्त्री भावजयीला देऊन टाकली, हलकी घेतली, आणि उचलून ठेवायच्या ऐवजी सरकवते. कापायचं टेबल चार बोटं उंच करून घेतलं सुताराकडून. कात्री दर महिन्याला धार लावून आणते, बोथट कात्रीला किती जोर लागतो ते आता कळतंय. अस्तराचे ब्लाउज सलग कापत नाही, दोन कापले की मशीनवर बसते, मग परत दोन.

आत्यांनी अजून ऑपरेशनला हो म्हटलेलं नाही. काठी आता बरोबर हातात असते, चार किलो वजन उतरलंय, आणि रोज संध्याकाळी त्या गुडघ्याखाली टॉवेल घेऊन बसतात आणि मी शेजारी बाटली घेऊन.